दर्शनी भागातली पेटी

जैनुद्दीनच्या पत्राला उत्तर लिहायचं राहून गेलं, असं दिनानाथ इतके दिवस स्वतःला सांगत आला होता. दळण आणायचं राहून जातं, चष्म्याची काडी बसवून घ्यायची राहून जाते, तसंच तेही राहिलं. पण गुरुवारी दुपारी ती मुलगी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि "सर, तक्रारपेटीची चावी तुमच्याकडेच असते ना?" असं तिनं विचारलं, तेव्हा त्याच्या मनात आधी आलं ते हेच, की ते राहून गेलं नव्हतं. आपण ते ठेवून दिलं होतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात, नीट घडी घालून. आणि त्यानंतर एखाद्या शब्दाचा अर्थ अडला तरी तो खंड काही आपण कपाटातून काढलेला नाही.

पत्र मस्कतहून आलं होतं. "सर, फोनवर तुम्ही बोलत नाही हे मला माहीत आहे, म्हणून लिहितो," अशी त्याची सुरुवात होती, आणि ते वाचून दिनानाथला हसू आलं होतं, कारण फोन कानाशी धरला की त्याला खरोखरच काही सुचत नसे. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राही आणि हा मान डोलवत राही. जैनुद्दीननं लिहिलं होतं, की मोठी मुलगी जुनेरा हिला आता गावी, आपल्या आईकडे, जहुराकडे, ठेवायचा विचार आहे. तिला ऐकू कमी येतं, कानाला मशीन लावते, इथल्या शाळा तिला घ्यायला कांकू करतात. मग पुढे होतं, "मी शाळेत होतो तेव्हा मधल्या सुट्टीत तुमच्या ग्रंथालयात येऊन बसायचो. तिथे मला कोणी कधी काही बोललं नाही. शाळा अजून तशी आहे का? तुमच्यासारखं कोणी तिथे आहे का? तुम्ही आहे म्हणालात तर पाठवतो. नाही म्हणालात तर दुसरं काही बघतो."

एवढंच. प्रश्न इतका सोपा होता की त्याला कार्डावर उत्तर देता आलं असतं. दिनानाथनं कागद घेतला, तारीख घातली, 'प्रिय जैनुद्दीन' लिहिलं, आणि तिथेच तो थांबला. 'आहे' असं लिहावं तर ग्रंथालयाच्या खोलीत आता संगणक होते, आणि जुनी कपाटं मागच्या व्हरांड्यात, खेळाच्या मॅट आणि गणपतीच्या मखराच्या थर्माकोलखाली गेली होती. 'नाही' असं लिहावं तर ज्या शाळेत सबंध नोकरी केली तिच्याविषयी असं लिहिणारे आपण कोण? आणि त्याहून अडचणीचं होतं ते 'तुमच्यासारखं कोणी'. आपल्यासारखं म्हणजे कोणासारखं? काळासावळा, खाली मान घालून येणारा जैनुद्दीन रोज मधल्या सुट्टीत खिडकीखालच्या बाकावर येऊन बसायचा. पुस्तक उघडून धरायचा, पण पान उलटायचा नाही. दिनानाथला ते दिसत असे. बाहेर मैदानात काय चालतं, म्हणून हा मुलगा आत येऊन बसतो, हे विचारावं असं त्याला कधीकधी वाटायचं. पण विचारलं तर त्याला अवघडल्यासारखं होईल, असं म्हणून तो पुस्तकांना क्रमांक घालत राहायचा. मुलानं त्या न विचारण्याला माया मानलं होतं. ती मायाच होती की भिडस्तपणा, हे दिनानाथला तेव्हाही कळलं नव्हतं आणि पत्र हातात धरून बसला तेव्हाही कळलं नाही. जूनमध्ये घरकामाला येणाऱ्या येसूबाईनं बाजारातून येऊन सांगितलं, "जहुराची नात आलीय शाळेत. कानात कायतरी घालते." जैनुद्दीननं उत्तर न येण्याचा अर्थ 'पाठव' असा लावला होता. सर बोलत नाहीत, म्हणजे सरांचं काही म्हणणं नाही. त्याला शाळेपासून ठाऊक असलेले सर असेच तर होते.

आता ती फाटकाशी उभी होती, आठवीतली, दप्तर पोटाशी धरून. तिची ऐकण्याची एक रीत होती. ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे, ओठांवर नजर ठेवी. दिनानाथच्या ओठांवर मिशी होती, पांढरी, वाढलेली, आणि बोलताना तो मान खाली घाली. त्यामुळे त्यानं "ये, आत ये" म्हटलेलं तिच्यापर्यंत पोचलंच नाही. येसूबाई ओटीवर सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होती. ती तिथूनच ओरडली, "मास्तर, तुमचं बोलणं मलाच ऐकू येत न्हाय, त्या पोरीला कुठून येल? ये गं बाय, बस हितं. पाणी पितेस?" मुलगी बसली नाही.

"सर, पेटीत माझी चिठ्ठी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज जरा जास्त मोठा होता, आणि आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नसावं. "ती मला परत पाहिजे."

"का?"

"मॅडमच्या खोलीतल्या टीव्हीत दिसलं. मी टाकताना. परेश सर आज वर्गात बोलले, आपल्याकडे नवीन पोस्टवाली आलीय. सगळे हसले. शनिवारी पेटी उघडली की दादीला बोलावतील. दादी बोलली होती, शाळेतनं एक जरी बोलावणं आलं, तर बस झाली शाळा." तिनं दप्तर आणखी घट्ट धरलं. "मला शाळेत जायचंय. चिठ्ठी नको. तुम्ही आधीच काढून द्या ना."

दिनानाथ म्हणाला, "बघतो." हे त्यानं मान वर करून म्हटलं, म्हणून तिला कळलं. तिचा चेहरा सैल झाला, आणि तिला धीर आलेला पाहून तो घाबरला. 'बघतो' हा त्याचा शब्द होता. उभ्या आयुष्यात ज्या ज्या गोष्टीला हो किंवा नाही म्हणायला हवं होतं, तिथे तो 'बघतो' म्हणाला होता, आणि पुष्कळदा त्यानं खरंच नुसतं बघितलं होतं.

चावी त्याच्याकडे आली त्याचीही एक हकिगत होती. प्रत्येक शाळेत तक्रारपेटी हवी, कॅमेरा हवा, सुरक्षा समिती हवी, अशी परिपत्रकं आली तेव्हा समितीत एक निवृत्त शिक्षक घ्यायचा म्हणून मुख्याध्यापिका कल्पिता मॅडमनी त्याला बोलावलं. चावी कोणाकडे ठेवायची, असा प्रश्न निघाल्यावर पालकांचे प्रतिनिधी रावजी म्हणाले होते, "सरांकडे द्या. सर कोणाला काय बोलतील तर शपथ!" सगळे हसले आणि दिनानाथला ते कौतुक वाटलं. परिपत्रक त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं. त्यात 'पेटी दर्शनी भागात असावी' असं होतं. दर्शनी भाग म्हणजे पोर्च, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कॅमेऱ्यालाही दर्शनी भागच हवा होता, विजेचा पॉइंटही तिथेच होता. कोणी पेटी फोडू नये म्हणून कॅमेरा तिच्यावर रोखला गेला, आणि पाहुणे आले की दोन्ही एका फोटोत मावू लागली. कॅमेऱ्याचा पडदा मॅडमच्या खोलीत, जिथे सगळे शिक्षक चहाला जमत. पेटी दर महिन्याला उघडली जाई, रिकामी निघे, आणि रजिस्टरात 'निरंक' असं लिहून सगळे सह्या करत. आपल्या शाळेत तक्रार नाही याचं सगळ्यांना समाधान होतं. दिनानाथलाही होतं. पोर्चमध्ये उभं राहून त्या पेटीत हात घालायला एखाद्या मुलाला काय वाटेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. एकदा आलं होतं. पण तेव्हा चहा आला होता.

शुक्रवारी तो चावी सदऱ्याच्या खिशात घालून शाळेत गेला. खाडीकडून वारा सुटला होता, मिठागरांवरून येणारा, ओठांना लागला की खारट करणारा. वाटेत त्याची आपल्याशीच हुज्जत चालली होती. चिठ्ठी काढून द्यावी, तर मुलगी सुटते, पण मग चिठ्ठीत जे काही आहे ते उद्याही चालूच राहणार. ठेवावी, तर समिती ती वाचणार, आणि समिती म्हणजे काही कोणी वाईट माणसं नव्हेत. मॅडम भल्या आहेत. रावजीचे डंपर चालतात, तोंड फटकळ आहे, पण शाळेला पाण्याची टाकी त्यानंच दिली. नियमानं गेलेलं बरं. नियमाला आपला स्वभाव आड येत नाही, त्याला आवाज लागत नाही. असं ठरवून तो पोर्चमध्ये आला आणि पेटीसमोर उभा राहिला, तेव्हा मात्र नियम कुठल्या कुठे गेला. हिरवी पत्र्याची पेटी, वर फट, फटीच्या कडेला रंगाचा पोपडा निघालेला. आत एक कागद आहे. हात खिशात गेला, बोटांना चावी लागली. वर कॅमेऱ्यात तांबडा ठिपका पेटलेला होता. त्याच्या मानेवर कोणीतरी हात ठेवावा तसं त्याला झालं, आणि हे असंच तिलाही झालं असेल, तरी तिनं हात पुढे केला, हे त्याला कळलं. त्याचा हात काही खिशातून बाहेर आला नाही.

"सर, आत या ना, किती वेळ उभे आहात, आम्ही बघतोय केव्हाचे," परेश सर दारातून म्हणाले. तरुण, हसरा माणूस, मुलांचा लाडका. गॅदरिंगला सगळ्या शाळेला नाचवणारा. "देवळासमोर उभं राहावं तसे उभे होतात!" आत पडद्यावर पोर्च दिसत होता, करडा, निर्मनुष्य, मधोमध पेटी. आपण नुकतेच त्या चित्रात होतो. त्यानं चहा घेतला. मॅडम त्याच्या मधुमेहाविषयी काळजीनं बोलल्या आणि त्यांनी बिनसाखरेचा दुसरा कप मागवला. तो बघत होता. निघताना फाटकापाशी जुनेरा त्याला दिसली. मैदानाच्या पलीकडे नळाशी उभी राहून ती त्याच्या हातांकडे बघत होती. हात रिकामे होते.

शनिवारी समिती बसली ती संगणकांच्या खोलीत, शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून परेश सरही होते. खिडकीखाली जिथे बाक होता तिथे आता बॅटऱ्यांचं खोकं गुरगुरत होतं. रावजी आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, झटपट उरका हां, माझी गाडी वडखळला अडकलीय, ड्रायव्हर नुसता फोनवर फोन मारतोय." चावी मॅडमनी मागितली आणि दिनानाथनं दिली. देताना त्याला वाटलं, आपण काही करत नाही आहोत, हे होतं आहे. मॅडमनी कागद उलगडला आणि त्या वाचू लागल्या, जरा आश्चर्यानं, कारण पेटीतून खरंच काही निघण्याची त्यांना सवय नव्हती. नाव घातलेलं नव्हतं. "वर्गात मुलं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात. मग मला वाटतं मशीन बिघडलं. मी काढून बघते, सेल बदलते. मग सगळे हसतात. त्याला पिच्चर लावणं म्हणतात. परेश सरांनीपण केलं. हे बंद करावं, ही विनंती."

मॅडमनी कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. मग रावजींनी विचारलं, "म्हंजे कसं करतात?" ते खरंच कुतूहलानं विचारत होते. परेश सरांनी मान तिरकी करून, हातवारे करत, अगदी गंभीर चेहऱ्यानं ओठ हलवले, भाषण दिल्यासारखे. खोलीत आवाज फक्त बॅटरीचा. रावजी खो खो हसले, हसता हसता थांबले, आणि रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "बेकार हाय, पण पोरांचं चालायचंच."

"मस्करी हो," परेश सर म्हणाले. "एकदा केलं, खरं सांगतो. तीपण हसली होती तेव्हा. आता मनाला लावून घेतलं असेल तर मी सॉरी म्हणतो, त्यात काय." आणि ते खरंच ओशाळले होते, हे दिनानाथला दिसलं. त्यामुळे त्याला अधिकच असहाय वाटलं. कोणावर राग धरावा असं त्या खोलीत कोणी नव्हतं.

"तिला बोलावून घेऊ," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला सगळ्या मुलांना सामावून घ्यायचंय. तिला कळलं पाहिजे की शाळा तिच्या पाठीशी आहे."

जुनेरा आली. टेबलाभोवती चार मोठी माणसं, मधोमध उलगडलेली तिची चिठ्ठी. तिनं आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग दिनानाथकडे. मॅडम तिच्याशी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलल्या, अंगणवाडीतल्या मुलाशी बोलावं तसं. "बाळा, घाबरू नको. इथे सगळे तुझेच आहेत. सर सॉरी म्हणतायत." परेश सर म्हणाले, "सॉरी, जुनेरा." तिनं मान हलवली. "पण मला आधी का नाही सांगितलंस? पेटीत कशाला टाकायचं, मी काय परकी आहे?" मॅडमनी विचारलं. तिनं पुन्हा मान हलवली. तेवढंच तिला करता येण्यासारखं होतं. मग मॅडम वळल्या. "सर, तुम्ही वडीलधारे. तिच्या वडिलांचेही शिक्षक. दोन शब्द सांगा तिला."

दिनानाथनं मान वर केली. काय सांगायचं ते त्याला ठाऊक होतं. असं फार क्वचित होई. तुझं बरोबर आहे. एवढंच सांगायचं होतं. मस्करी नव्हती ती, तुझं बरोबर आहे. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती, मिशीखाली काय हलतं आहे ते शोधत. त्यानं तोंड उघडलं. 'तुझं' म्हणायला जीभ दातांना लागली, ओठ पुढे आले, 'बरोबर'ला ते मिटले आणि उघडले. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं, फक्त आवाज तेवढा आला नाही. छातीतून तो निघालाच नाही, फोन कानाशी धरल्यावर निघत नसे तसा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ओठ हलले. आणि त्याच्या डोळ्यांदेखत जुनेराचा हात वर गेला, कानाकडे. तिनं मशीनवर बोट दाबलं. मग ते काढलं, तळहातावर घेऊन उघडलं, सेल बाहेर काढून पुन्हा बसवला, कानात घातलं, आणि पुन्हा त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"घ्या! सरांनीपण पिच्चर लावला!" रावजी म्हणाले. मॅडमसुद्धा हसल्या, अगदी थोड्या, आणि लगेच "रावजीभाऊ, काय हे" असं म्हणाल्या. रावजींचं बोलणं तिला ऐकू आलं. मशीन चालू होतं. ते तिला कळलं, तेव्हा तिचा हात सावकाश खाली आला आणि तिनं नजर त्याच्यावरून काढून घेतली. रागानं नव्हे. वर्गात जशी काढून घेत असेल तशीच.

त्या दिवशी ठराव झाला. संबंधित शिक्षकांना समज, विद्यार्थिनीला पहिल्या बाकावर जागा, पालकांना बोलावून चर्चा, वर्गात सर्वांना समजावून सांगणे. मुद्दे सगळे बरोबर होते. दिनानाथनं सही केली. पालकांना बोलावणं गेलं. जहुरा आली ती बुरख्याचं टोक हातात गुंडाळत, चर्चेला बसलीच नाही, उभ्या उभ्या म्हणाली, "दाखला द्या." मॅडमनी खूप समजावलं, पाणी दिलं. "तुमचा दोष नाय, मॅडम. पण माझ्या लेकाला मी हेच बोलले होते," असं जहुरा म्हणाली, आणि दाखला मिळाला.

हे सगळं येसूबाई सांगत होती, मासळी साफ करता करता, आणि दिनानाथ ओटीवर बसून ऐकत होता. "सकाळच्या लाँचनं नेली पोरीला, रेवसवरून. मुंब्र्याला मावशी हाय म्हंतात. तिथं शाळेत घालतील का घरात बसवतील, कोणाला ठावं. चांगली पोर होती. त्या दिवशी जाताना माझी सोड्यांची पाटी आत ठेवून गेली, न सांगता." मग तिनं हातातली सुरी थांबवली. "मास्तर, तुमी होता ना त्या मीटिंगला? तुमी काय बोल्लात?"

"बोललो," दिनानाथ म्हणाला.

येसूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "व्हय?" एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा मासळीकडे वळली.

तो आत गेला, शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्र होतं तिथेच होतं, आणि त्याच्यामागे तो तारीख घातलेला कागदही, 'प्रिय जैनुद्दीन' लिहिलेला. शाई जराशी फिकी झाली होती. तारीख खोडावी का, याचा तो विचार करत बसला. खोडली नाही. खाली लिहू लागला, आणि आधी पुष्कळ लिहिलं. पेटी पोर्चमध्ये का ठेवली, परिपत्रकात काय होतं, मॅडम किती भल्या आहेत, ग्रंथालयाची कपाटं कुठे आहेत. वाचून पाहिलं तर ते सगळं खरं होतं आणि त्यात एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यानं दुसरा कागद घेतला. मग पहिलाच पुन्हा घेतला, कारण सुरुवात तरी वेळेवर केली होती, असं त्याला वाटलं. खालचा मजकूर फाडून टाकला आणि उरलेल्या अर्ध्या कागदावर लिहिलं, की तू विचारलं होतंस, तुमच्यासारखं कोणी तिथे आहे का. होतं. मीच होतो. त्याचा उपयोग झाला नाही. आणि मग, जे लिहिण्यासाठी बहुधा तो बसला होता, ते लिहिलं. "जुनेराला एवढं सांग, की त्या दिवशी तिचं मशीन नीट चालू होतं. आवाज माझा निघाला नव्हता. मी म्हणत होतो, तुझं बरोबर आहे."

पोस्टात कारकून सदा एकटाच होता. त्यानं पाकीट तोललं, तिकिटं काढून दिली आणि पत्ता वाचून भुवया उंचावल्या. "मस्कत! सर, आता कोण पत्रं लिहितं? व्हॉट्सॲप करायचं, मिनिटात पोचतं. नाहीतर सरळ फोन."

"फोनवर मला..." दिनानाथ म्हणाला.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"द्या इकडे, मीच पिशवीत टाकतो."

पण दिनानाथनं पाकीट दिलं नाही. तो बाहेर आला. पोस्टाच्या भिंतीला तांबडी पेटी होती, रस्त्याच्या तोंडावर, अगदी दर्शनी भागात. समोर रिक्षावाले उभे होते, वडापावच्या गाडीवर दोन शाळकरी पोरं खात होती आणि त्याच्याकडे बघत होती. त्यानं पाकीट फटीत सरकवलं, अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि त्याची बोटं ते सोडीनात. अजून परत घेता येईल. सोडलं की या पेटीची चावी आपल्याकडे नाही, आणि कोणाच्या फाटकाशी जाऊन उभं राहिलं तरी ते कोणी काढून देणार नाही. जैनुद्दीन ते वाचेल. तिला सांगेल, किंवा सांगणार नाही. सांगितलं तरी ती ते खरं मानेल असं नाही. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग त्यानं बोटं उघडली. पेटी रिकामीच असावी, कारण पाकीट तळाशी आपटल्याचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला.